क जीवनसत्त्व, जांभळे दिवे आणि हाल्बेरा

१४ नोव्हेंबर
आज सूर्य चार मिनिटं दिसला. मी घड्याळ लावून मोजलं. आणखी चार दिवसांनी तो डोंगरामागे जाईल आणि पंचवीस जानेवारीपर्यंत क्राकूफ्योर्दला तोंड दाखवणार नाही. यात नवीन काही नाही, दरवर्षीचंच आहे. नवीन हे की सकाळी कॉफी ओतता ओतता हाल्बेरा म्हणाली, "एविंद, मला हा अंधार आता झेपत नाही. यंदाचा हिवाळा बघते. सूर्य परतला की सूर्य-कॉफीच्या दिवशी सांगते, इथे राहायचं की लेकीकडे, आर्न्दिसकडे रेक्याविकला जायचं."

मी म्हटलं, "आपण दोघांनी?"

ती म्हणाली, "तुझं तू ठरव."

लग्नाला एकतीस वर्षं झाली. एवढी वर्षं हा अंधार झेपला, मग आताच काय झालं? मी दुपारपर्यंत विचार केला आणि कारण सापडलं. तिला जीवनसत्त्वं कमी पडताहेत. मासे, बटाटे आणि कॉफी यांच्यावर माणूस कुठवर तग धरणार? आणि गंमत म्हणजे औषध आमच्या घरापासून शंभर पावलांवर आहे. गावात मुलं उरली नाहीत म्हणून शाळा बंद झाली, माझं मुख्याध्यापकपद गेलं, तेव्हा गरम झऱ्याच्या पाण्यावर चालणारं हे काचघर मी घेतलं. त्यात लेट्यूसचे बारा वाफे आहेत. जो माणूस अख्ख्या गावाला पालेभाजी पुरवतो त्याच्या घरात कमतरता! मला स्वतःचीच लाज वाटली.

आजपासून नोंद ठेवायची. हाल्बेराची मनःस्थिती दहापैकी, आणि तिनं खाल्लेली पानं. तिला यातलं काही सांगायचं नाही. आज: मनःस्थिती ४, पानं शून्य.

१९ नोव्हेंबर
सूर्य गेला. मी वाचन सुरू केलं आहे. काचघरात वरून जादा प्रकाश दिला की पालेभाजीतलं क जीवनसत्त्व वाढतं, रंगद्रव्यं वाढतात आणि नको असलेलं नायट्रेट उतरतं. पण प्रकाश कसला, याला फार महत्त्व आहे. तांबडा आणि निळा मिळून जो जांभळा प्रकाश होतो, तो काढणीच्या आधी दिला तर पानं जणू परीक्षेच्या आदल्या आठवड्यात अभ्यासाला लागतात. आमचे दिवे सोडियमचे, पिवळे, वीस वर्षांचे. जुन्या मास्तरांसारखे. ऊब भरपूर, अभ्यास बेताचा.

जिल्ह्याच्या विकास निधीकडे नव्या दिव्यांसाठी अर्ज केला. अर्जात विचारलं होतं: "पिकाला नैसर्गिक सूर्यप्रकाश रोज किती तास मिळतो?" मी खरं ते लिहिलं, शून्य. लगेच फोन आला. बाई म्हणाल्या, "मग तुमचा प्रकाश पूरक कसा? ही योजना पूरक प्रकाशाची आहे. जिथे मुळात काही असतं तिथेच पुरवणी लागते." मी म्हटलं, "बाई, जूनमध्ये आमच्याकडे सूर्य मावळतच नाही." त्या खूश झाल्या. जूनचे चोवीस आणि डिसेंबरचे शून्य मिळून त्यांनी सरासरी बारा तास काढली. कागदावर आमचं गाव आता विषुववृत्तावर आहे. अर्ज मंजूर.

२७ नोव्हेंबर
गिऱ्हाइकं वाढली आहेत, आणि तीही जाणकार. ट्रॉलरचा निवृत्त कप्तान बेर्ग्स्वेन एक गड्डा घ्यायला आला आणि तीन तास बसला. कोट काढून, उलट्या खोक्यावर, डोळे मिटून आणि तोंड वर करून. मी विचारलं, "यंदाचा माल कसा वाटतो?"

"उत्तम," तो डोळे न उघडता म्हणाला.

"पानांचा पोत?"

"पोत तर विचारूच नकोस."

जाताना गड्डा विसरला, म्हणून मी धावत जाऊन दिला. तो म्हणाला, "दे दे. यंदा माझा मेंढा असा तुकतुकीत झालाय की बघत राहावं!" मेंढ्याचा इथे काय संबंध ते कळलं नाही. पण माणूस आनंदात असला की आपल्या जनावरांचं कौतुक करतो, हे मी पाहिलेलं आहे.

पोस्टातली गुद्फिन्ना विणकाम घेऊन येते. चारच्या सुमारास हाल्बेराही कॉफीचा थर्मास घेऊन येते आणि सहापर्यंत हलत नाही. मी तिला येता-जाता पानं देतो. मनःस्थिती ७, पानं २.

३ डिसेंबर
आज काचघराच्या बाहेरूनच हसणं ऐकू आलं. हाल्बेराचं. असं हसणं मी दोन-तीन वर्षांत ऐकलं नव्हतं. मी दार उघडलं तशा ती आणि गुद्फिन्ना एकदम गप्प झाल्या. बेर्ग्स्वेन छताकडे पाहू लागला. विषय काय होता ते कोणी सांगितलं नाही. बहुधा चर्चच्या नव्या पाद्रीबाईंचा असावा.

रात्री जेवताना ती आपणहून म्हणाली, "उन्हाळ्यात स्वयंपाकघराचे पडदे बदलू या." उन्हाळ्यात! म्हणजे उन्हाळ्यात इथे असण्याचा विचार आहे. मला इतकं बरं वाटलं की मी लेट्यूसचा दुसरा वाडगा पुढे केला. तिनं तो हातानं बाजूला सारला, पण प्रेमानं. मनःस्थिती ८, पानं ३.

साध्या पिवळ्या दिव्यातल्या तीन पानांनी ही किमया. नवे दिवे लागले की काय होईल!

९ डिसेंबर
नवे दिवे लागले. जुने उतरवून माशांच्या शेडमध्ये टाकले. पाच वाजता सगळ्यांना बोलावून मी कळ दाबली आणि काचघर जांभळं झालं. मी टाळ्यांची वाट पाहिली.

बेर्ग्स्वेन दारातच थबकला. "एविंद, इथे कोण वारलंय?"

गुद्फिन्नानं हातातली लोकर दिव्याखाली धरली. "ही हिरवी होती की तपकिरी? बाई गं, माझे हात बघ. बुडून मेलेल्या माणसाचे असतात तसे दिसताहेत."

"आणि ऊब कुठे गेली?" बेर्ग्स्वेननं विचारलं.

मी समजावलं की ऊब म्हणजे वाया गेलेली वीज. हा प्रकाश फक्त पानांना जे हवं तेवढंच देतो. "हा तुमच्यासाठी नाहीच मुळी," मी म्हटलं, "लेट्यूससाठी आहे."

"ते कळलं," असं म्हणून बेर्ग्स्वेननं कोटाची बटणं लावली आणि तो घरी गेला. हाल्बेरा थर्मास काखेत धरून उभी होती. थर्मासचं झाकण तिनं उघडलंच नव्हतं.

१६ डिसेंबर
लेट्यूस दृष्ट लागण्यासारखं आलं आहे. पानांच्या कडा लालबुंद. गिऱ्हाईक मात्र एक नाही. लोकांना चांगलं कळत नाही हे मी शाळेत असल्यापासून म्हणतो आहे.

हाल्बेराला आता मी घरी पानं नेऊन देतो. माशाच्या लगद्यात घालतो, ब्रेडवर घालतो. आज ती म्हणाली, "एविंद, ही पानं कडू झालीत."

मी म्हटलं, "तो कडूपणाच गुणकारी असतो."

"मग मी अगदीच निरोगी होऊन मरेन," ती म्हणाली आणि दुपारी तीनलाच अंथरुणात शिरली. मनःस्थिती ४, पानं ६. अजून नव्या पानांची सवय व्हायची आहे.

२३ डिसेंबर
आंबवलेल्या स्केट माशाचा दिवस. गावभर तो वास, डोळ्यांतून पाणी यायला लावणारा. हाल्बेरानं स्केट दोनदा घेतला आणि माझ्या लेट्यूसला वास येतो म्हणून ताटाबाहेर काढलं!

संध्याकाळी आर्न्दिसचा फोन आला. हाल्बेरा तो घेऊन न्हाणीघरात गेली आणि आतून कडी लावून अर्धा तास बोलली. मायलेकी माझ्या नाताळच्या भेटवस्तूची मसलत करत असणार. मी दारापाशी मुद्दाम खाकरलो, म्हणजे त्यांना सावध होता येईल. मनःस्थिती ३, पानं ७ (त्यातली चार कुंडीत सापडली).

४ जानेवारी
कृषी महाविद्यालयातून तिन्ना आली. जिल्ह्याच्या निधीनं तपासणीला पाठवली आहे. माझीच विद्यार्थिनी. जीवशास्त्रात मी तिला दहापैकी सहा गुण दिले होते आणि ते ती विसरलेली नाही.

ती म्हणाली, "एविंद, क जीवनसत्त्व वाढलं म्हणतोस, ते कशाच्या तुलनेत?"

"पूर्वीच्या."

"पूर्वी मोजलं होतंस?"

मी नोंदवही चाळू लागलो. ती म्हणाली, "सहा गुण." मग हसली. मला हसू आलं नाही.

तिनं माझ्या नोंदी मागितल्या. घाईत मी हाल्बेराचा तक्ताही त्यांच्याबरोबर दिला. तिनं तो बराच वेळ पाहिला. "हे गुण कोणाचे?"

"एका प्रौढ स्त्रीचे," मी म्हटलं.

"पानं वाढत गेली आणि गुण उतरत गेले. नऊ डिसेंबरला काय झालं?"

"नवे दिवे लागले."

ती माझ्याकडे बघत राहिली. मी शिक्षक असताना फळ्यावर अर्धं उत्तर लिहून वर्गाकडे बघायचो, तसं. मी म्हटलं, "माझ्या लक्षात आलं आहे. मात्रा जास्त होते आहे. चार पानांवर आणतो."

तिन्नानं तक्ता घडी करून माझ्या खिशात ठेवला. म्हणाली, "अर्ध्या काचघरात जुने दिवे परत लाव. तुलनेसाठी. मध्ये जाड पडदा. या आठवड्यातच." तिच्या आवाजात शास्त्रापेक्षा रागच जास्त होता.

८ जानेवारी
पिवळे दिवे अर्ध्या भागात परत टांगले. कळ दाबून वीस मिनिटं झाली नाहीत तोच बेर्ग्स्वेन हजर. मी विचारलं, "तुला कोणी सांगितलं?"

"बंदरावरून दिसलं," तो कोट काढत म्हणाला.

पाठोपाठ गुद्फिन्ना आली, तिची बहीण आली, पाद्रीबाई आल्या. सगळे पडद्याच्या अलीकडे, पिवळ्या बाजूला दाटीवाटीनं. पलीकडे सुधारित लेट्यूस एकटंच वाढतं आहे. चार वाजता हाल्बेरा आली. आज ती बेर्ग्स्वेनशी पत्ते खेळली आणि जिंकली.

मनःस्थिती ७, पानं शून्य. मला वाटतं, डिसेंबरात खाल्लेल्या पानांचा परिणाम उशिरा दिसतो आहे.

१३ जानेवारी
तुलनेच्या वाफ्यांची पार वाट लागली आहे. बेर्ग्स्वेनच्या डोक्याची सावली तिसऱ्या वाफ्यावर पडते. पाद्रीबाई बोलता बोलता पानं खुडतात. परवा तिन्ना नमुने न्यायला येणार. मी पाटी लावली: "तुलनेच्या बाजूला बसू नये." पाटीवर गुद्फिन्नानं स्वेटर वाळत घातला.

शेवटी आज मी कडक झालो. सगळ्यांना उठवलं. हाल्बेरा उठेना. पाचव्या वाफ्याशी भिंतीला टेकून, चेहरा वर करून बसली होती. मी म्हटलं, "हाल्बेरा, तुझ्यामुळे मोजमाप चुकतंय."

"माझ्यामुळे?"

"तुझी सावली पडते. बसायचंच असेल तर पलीकडे बस. तिथे जागाच जागा आहे."

आणि मी तिची खुर्ची उचलून पडद्यापलीकडे नेऊन ठेवली. ती त्या खुर्चीपर्यंत गेली, पण बसली नाही. जांभळ्या उजेडात तिचा चेहरा अगदी परका दिसत होता. म्हणाली, "एविंद, मी इथे का येते असं तुला वाटतं?"

"लेट्यूससाठी," मी म्हटलं.

तिनं मान हलवली, कोट घातला आणि ती गेली. उत्तर बरोबर होतं की चूक, तेही सांगितलं नाही. मनःस्थिती मोजता आली नाही.

१९ जानेवारी
निकाल आला! तिन्नानं फोनवर वाचून दाखवला. पिवळ्या दिव्याखाली शंभर ग्रॅमला दहा मिलिग्रॅम क जीवनसत्त्व, जांभळ्याखाली चौदा. नायट्रेट निम्म्यावर. रंगद्रव्यं दुप्पट. मी बरोबर होतो. प्रत्येक बाबतीत.

मी बर्फातून धावत घरी गेलो. एकदा घसरून पडलोही. हाल्बेरा फोनवर आर्न्दिसशी बोलत होती. "खोली लहान असली तरी चालेल गं, खिडकी दक्षिणेला हवी," असं म्हणत होती. मला पाहिल्यावर तिनं फोन ठेवला.

"चौदा!" मी म्हटलं.

"काय चौदा?"

"मिलिग्रॅम. आधी दहा होतं."

"अभिनंदन," ती म्हणाली. मनापासून म्हणाली, तेच वाईट. "संत्र्यात किती असतं रे?"

"पन्नास," मी म्हटलं.

ती खिडकीशी जाऊन उभी राहिली. बाहेर काही दिसत नव्हतं. कपाटावरची मोठी बॅग खाली काढलेली होती.

मी न्हाणीघरात जाऊन खिशातला तक्ता उघडला. पानांचा रकाना हातानं झाकला आणि नुसते गुण आणि तारखा वाचल्या. सात, आठ, आठ. मग नऊ डिसेंबर. चार, चार, तीन, तीन. मग आठ जानेवारी. सात. तिन्नाला हे दहा मिनिटांत दिसलं होतं. शेवटच्या बाकावरच्या पोरालाही दिसलं असतं. तिला उजेड हवा होता आणि चार माणसं. ते दोन्ही माझ्या काचघरात फुकट सांडत होतं आणि मी ते बंद करून तिच्या ताटात कडू पाला वाढत होतो. बाकीचेही पाल्यासाठी येत नव्हते. बेर्ग्स्वेनचा मेंढा सोडला तर या गावात माझं लेट्यूस कोणी खात नाही.

मला फार भीती वाटली. तसं म्हटलं तर ती चौदा नोव्हेंबरपासूनच वाटत होती. मी तिला मिलिग्रॅममध्ये मोजत बसलो होतो.

२४ जानेवारी
तीन दिवस वादळ होतं, वीज येत-जात होती. आज थांबलं. सकाळी शिडी लावून जांभळे दिवे उतरवायला सुरुवात केली. चौऱ्याऐंशी दिवे, प्रत्येकाला चार स्क्रू. दुपारी बेर्ग्स्वेन न बोलावता आला आणि खालून शिडी धरून उभा राहिला.

"लेट्यूसचं काय?" त्यानं विचारलं.

"त्याला दहा पुरे."

तिन्नाला फोन करून सांगितलं. ती म्हणाली, "प्रयोग अर्धवट टाकलास तर निधीवाले दिवे परत मागतील."

"मागू देत. खोक्यात भरून ठेवतो."

"अहवालात कारण काय लिहू?"

मी म्हटलं, "तुला ते चार तारखेपासून माहीत आहे." त्यावर ती म्हणाली, "आठ गुण. दोन उशिराबद्दल कापले."

अंधारल्यावर पिवळे दिवे सगळीकडे लावून झाले. बोटं सोलली आहेत. घरी गेलो तेव्हा मोठी बॅग दारापाशी भरून ठेवलेली होती. मी बॅगेबद्दल विचारलं नाही. हाल्बेरानं माझे हात पाहिले आणि मलम काढून दिलं. 

२५ जानेवारी
सूर्य-कॉफी. पावणेदोनला पहिलं ऊन पोस्टाच्या भिंतीवर पडतं. सगळं गाव तिथे जमलं होतं, हातात थर्मास आणि साखर भुरभुरलेली पॅनकेक. दीडला ढग आले. तरी कोणी हललं नाही. सगळे भिंतीकडे बघत उभे.

हाल्बेरा माझ्या शेजारी होती. आजच ती सांगणार होती. तिनं सांगण्याआधी मी बोललो. हळूच बोलायचं ठरवलं होतं, पण वर्गात बोलायची सवय, आवाज मोठा निघाला.

"हाल्बेरा, जाऊ नकोस. तू गेलीस तर मी काय करू ते मला कळत नाही."

पुढे उभ्या असलेल्या पाद्रीबाईंची मान वळायला लागली आणि गुद्फिन्नानं ती धरून परत सरळ केली.

हाल्बेरा म्हणाली, "हे नोव्हेंबरात म्हणायला काय झालं होतं?"

"तेव्हा माझ्याकडे आकडे नव्हते."

"आणि आता आहेत?"

"आहेत. पण ते तुझ्याबद्दल नाहीत."

ती भिंतीकडे बघत राहिली. भिंत करडीच होती. दोन वाजले. मग ती म्हणाली, "मी तिकीट काढलंय. सत्तावीसचं."

मी मान हलवली. 

"परतीचंही काढलंय. दहा फेब्रुवारीचं."

"परतीचं? कधी काढलंस?"

"काल," ती म्हणाली. "तू शिडीवर होतास तेव्हा. दोनदा येऊन काचेतून बघून गेले. बेर्ग्स्वेननं मला पाहिलं, तू नाही पाहिलंस."

सूर्य काही आला नाही. गुद्फिन्नानं जाहीर केलं की तो ढगामागे पोचलेला आहे आणि आपल्याला तेवढं पुरे, आता खा. हाल्बेरानं आपल्या पॅनकेकचा अर्धा तुकडा माझ्या हातात दिला आणि माझ्या कोटाच्या बाहीला धरून उभी राहिली. बेर्ग्स्वेननं मोठ्यानं विचारलं, "एविंद, डोळ्यांत साखर गेली काय रे?"

मी म्हटलं, "हो."